तारीख पक्की नसताना सेवादौऱ्याची तयारी : केनियाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"ताई, जायचं तर आहे, पण तारीख अजून ठरलेली नाही." आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-तीन मुलंमुली दरवर्षी हे वाक्य घेऊन माझ्याकडे येतात. कधी पश्चिम केनियातल्या एखाद्या चर्चचं आरोग्य शिबिर असतं, कधी शाळेच्या खोल्या बांधायच्या असतात, तर कधी तिकडून नुसतंच "या, मग बघू" असं आलेलं असतं. मी फार्मासिस्ट आहे. पश्चिम केनियातल्या किसुमू शहराच्या बाजूला तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा आधी ठरलेल्या तारखेला आम्ही निघालो नाही. त्यामुळे तारीख पक्की होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नसतं, हे मी शिकले आहे. दौरा पुढे गेला, मागे आला, अगदी रद्द झाला तरी जे वाया जाणार नाही ते आज करायला घ्या. जे तारखेला बांधलेलं आहे ते शेवटी करा, पण त्याच्यासाठी एक दिवस ठरवून ठेवा. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना ही अनिश्चितता तशी घरची आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून जहाजात बसले, तेव्हा कंपनी सरकार आपल्याला उतरू देईल का हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कलकत्त्याहून त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला आणि १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथून झाली. नगरला काम सुरू व्हायला १८३१ उजाडलं.

बोलावलंय कोणी, आणि कशासाठी?

सामानाची यादी नंतर. आधी तिकडच्या यजमानांना सविस्तर लिहा. आमच्या येण्याची गरज कोणी मांडली? हे काम तुमच्या गावातलं कोणी आत्ता करत आहे का? आम्ही आलो तर त्याची रोजी बुडेल का? आम्ही परत गेल्यावर रुग्णांकडे कोण बघणार? पहिल्या दौऱ्याला आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या देऊन आलो आणि महिना संपल्यावर त्या माणसांनी जायचं कुठे, याचं उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. ते मला अजून टोचतं. त्यानंतर जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या क्लिनिकल ऑफिसरला, म्हणजे तिथे रुग्ण तपासून औषध देणाऱ्या प्रशिक्षित माणसाला, सोबत घेतल्याशिवाय आम्ही शिबिर भरवलं नाही.

परवानग्यांचंही याच पत्रात विचारा. बाहेरच्या डॉक्टरला केनियात रुग्ण तपासायचे तर तिथल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. शिबिरासाठी औषधं न्यायची तर फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची मंजुरी लागते. ही कामं यजमानांनी तिथून करायची असतात, पण पदवीच्या प्रती, नोंदणी प्रमाणपत्रं, औषधांची बॅच नंबर आणि मुदतीसह यादी आपण द्यायची असते. "सगळे असंच जातात, कोणी विचारत नाही" असं सांगणारा भेटतोच. त्याचं ऐकू नका. आपल्या गावात कोणी परदेशी माणूस बिनपरवाना औषधं वाटत बसला, तर आपल्याला चालेल का?

बेत अनाथाश्रमात जाऊन मुलांबरोबर राहण्याचा असेल तर दोनदा विचार करा. अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात आणि मुलांना घरी परत नेण्याकडे केनिया सरकारचा कल आहे. दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. मुलाच्या जिवाला ते सोसत नाही.

तारीख का ठरत नाही, तेही विचारा

'अनिश्चित' म्हणजे नेमकं काय? पावसामुळे, परीक्षांमुळे, पैशांमुळे की राजकारणामुळे? कारण कळलं की अर्धी तयारी सुचते. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. किसुमूजवळच्या कानोच्या सपाट मैदानात मोठ्या पावसात पूर येतो. तिथली काळी माती आपल्या नगर-सोलापूरकडच्या रानासारखीच, भिजली की चाक रुतलंच. त्यामुळे एप्रिलमधल्या शिबिराचा बेत कोणी पुढे केला तर मी आधी प्रश्न विचारते.

एकट्या २०२४ सालात काय काय झालं बघा. १४ मार्चपासून ८ मेपर्यंत सरकारी डॉक्टरांचा संप होता. त्याच दिवसांत पुरांनी देशभर नुकसान केलं. जूनमध्ये वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले आणि २५ जूनला आंदोलक संसदेत घुसले. ११ सप्टेंबरला नैरोबी विमानतळावरच्या कामगारांनी काम बंद केलं आणि प्रवासी अडकून पडले. यातल्या कशाचाही अंदाज सहा महिने आधी कोणाला बांधता आला नसता. निवडणुकीचं मात्र आधीच कळतं. ती दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये होते, आता २०२७ मध्ये आहे. त्या महिन्याच्या आसपास दौरा ठेवू नका.

आज, या आठवड्यात करायची कामं

पासपोर्ट काढा आणि मुदत बघा. केनियात पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. दौरा पुढे सरकू शकतो, म्हणून मी सहाऐवजी वर्षभर धरायला सांगते. पासपोर्टवरचं नाव आणि पदवीवरचं नाव यांत फरक असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, तर ते दुरुस्त करायला हीच वेळ.

दात दाखवून घ्या. हे ऐकून सगळे हसतात, पण गावात मुक्काम असताना रात्री दाढ ठणकली तर दिवसचे दिवस काढावे लागतात.

मग लसी. धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ए बद्दल डॉक्टरांशी बोला. खेड्यात राहणार असाल तर रेबीजची आधी घ्यायची लसही विचारा. पण सगळ्यात महत्त्वाची पीतज्वराची, म्हणजे यलो फिव्हरची. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांकडे, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. जाण्याआधी वेळ घ्या आणि मूळ पासपोर्ट न्या, कारण लस घेतल्याचं जे पिवळं कार्ड देतात त्यावर त्याचा नंबर लिहितात. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर लस टोचण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हे पिवळं कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. २०१६ पासून एका डोसची मुदत आयुष्यभर आहे. म्हणजे दौरा रद्द झाला तरी ही लस वाया जात नाही. केनिया भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना वैध कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. दुसऱ्या दौऱ्यात आमच्या यजमानांनी आयत्या वेळी बुसियाच्या नाक्यापलीकडे, युगांडात, एक दिवसाचं काम जोडलं. सगळ्यांकडे व्हिसा होता. एका मुलाच्या कार्डाला मात्र सातच दिवस झाले होते, आणि युगांडात प्रवेशासाठी हे कार्ड सगळ्यांनाच लागतं. तो नाक्यावर थांबला. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा चहाच्या टपरीपुढच्या बाकावर मांडीवर पाठपिशवी घेऊन तो तसाच बसलेला होता. त्याने लस घेतली होती, फक्त तारीख ठरल्यावर घेतली होती.

तारखेची पट्टी आणि निर्णयाचा दिवस

एक तारीख धरण्याऐवजी दोन पट्ट्या धरा. आमच्यासाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा जुलैचा पहिला, दोन्ही कोरड्या दिवसांतल्या. साहेबांकडे रजा मागतानाही तसंच सांगा, "या दोनपैकी एका पंधरवड्यात दहा दिवस लागतील, कोणता ते अमुक तारखेला कळवते." उघड सांगितलेलं बहुतेकांना चालतं. शेवटच्या क्षणी केलेला अर्ज कोणालाच आवडत नाही.

पट्टीच्या सहा आठवडे आधी निर्णयाचा दिवस ठेवा. त्या दिवशी यजमानांचं लेखी आमंत्रण, परवानग्यांची स्थिती, किमान माणसं आणि किमान पैसे, या चार गोष्टी हातात असतील तर निघायचं. नसतील तर दुसरी पट्टी. हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवून लिहून ठेवा, कारण त्या दिवशी उत्साह बोलायला लागतो आणि "देव करील वाट" म्हणून माणसं तिकिटं काढून मोकळी होतात. देव वाट करतोच, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी मंडळीचे पैसे आपल्या स्वाधीन केलेले असतात आणि त्यांचा हिशोब आपल्यालाच द्यावा लागतो.

पैसे

वर्गणी मागण्याआधी एक ओळ लिहून वाचून दाखवा: दौरा रद्द झाला तर हे पैसे कुठे जातील. परत करणार, पुढच्या दौऱ्याला ठेवणार की यजमानांच्या कामाला पाठवणार? पाळकसाहेबांनी उपासनेनंतर हे जाहीर केलं की लोक निर्धास्त देतात. आमच्याकडे एक आजी दर रविवारी पन्नास रुपये पाकिटात घालून आणायच्या. त्यांच्या पन्नास रुपयांचं काय झालं हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

तिकडे रोख डॉलर फार नेऊ नका. नेलेल्या नोटा नव्या आणि कोऱ्या हव्यात. जुन्या मालिकेच्या किंवा फाटलेल्या नोटा घ्यायला दुकानदार कां-कूं करतात. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, भाजीवालीपासून बसपर्यंत सगळे मोबाइलवरून पैसे घेतात. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतलं की तुम्हालाही ते वापरता येतं.

शेवटी करायची कामं

केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, सुरू केला. अर्जात विमानाचे आणि मुक्कामाचे तपशील मागतात आणि परवान्याला मुदत असते, म्हणून तो फार आधी काढू नका. प्रवासाचं कारण खरं लिहा. सेवेच्या कामासाठी वेगळा पास लागतो का, हे यजमानांनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात विचारून आपल्याला लेखी कळवावं.

तिकीट घेताना स्वस्तपणापेक्षा तारीख बदलायला किती पडतात ते बघा. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला असेल तर तोही थांबून काढा. तो ज्या देशासाठी मागाल त्याच देशाच्या नावाने मिळतो. आमच्यातल्या एकीने टांझानियाचा बेत होता तेव्हा तो काढून ठेवला, बेत केनियाचा झाला आणि तिला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

विम्यात दोन गोष्टी वाचा: सेवेचं काम करताना झालेली दुखापत धरली आहे का, आणि गावातून शहरात हलवण्याचा खर्च मिळतो का. १९५७ पासून नैरोबीहून विमानाने रुग्ण हलवणारी आम्रेफ या आरोग्य संस्थेची फ्लाइंग डॉक्टर्स सेवा चालते. आपल्या विमा कंपनीचा अशा सेवेशी करार आहे का, ते फोन करून विचारा. निघण्याआधी नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर कागदावर लिहून घ्या. मोबाइलच हरवला तर त्यातल्या नंबरचा उपयोग नाही.

मलेरियाच्या गोळ्या

नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे धोका खरा आहे. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही वेळापत्रक समजून घ्या, कारण तारीख हलली की तेही हलतं. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, परतल्यावर चार आठवडे. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल तशीच सुरू करायची, पण परतल्यावर सात दिवस पुरते. मेफ्लोक्विन आठवड्याला एक, पण किमान दोन आठवडे आधीपासून, म्हणून तारखा हलणाऱ्या दौऱ्यात ती अवघड जाते. गोळी घेतली तरी मच्छरदाणी आणि संध्याकाळी लांब बाह्या हव्यातच. आणि सरोवराचं पाणी कितीही बोलावत असलं तरी काठाला पाय बुडवून उभं राहू नका. तिथल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया होतो, त्याचे जंतू कातडीतून आत शिरतात.

एका दिवसाचे तीन बेत

शिबिराचा प्रत्येक दिवस तीन प्रकारे लिहून ठेवा. पहिला, सगळं ठरल्याप्रमाणे. दुसरा, वीज नाही आणि निम्मी माणसं आली नाहीत. तिसरा, पावसामुळे गावात पोचताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी काय करणार हे लिहिलेलं नसेल तर तरुण मुलं मुक्कामी बसून कुरकुर करायला लागतात. आम्ही त्या दिवसासाठी कागदी पुड्या वळायचं काम ठेवतो, यजमान बहिणींबरोबर स्वयंपाकात बसतो, नोंदवहीतली नावं तपासतो. उकडलेल्या मक्याच्या पिठाचा उगाली आणि सुकुमा विकी नावाची पालेभाजी मी अशाच एका पावसाच्या दिवशी शिकले.

पिशवी

दोन दिवस आधी नाही, दोन आठवडे आधी सामान बैठकीच्या खोलीत पसरा. मी समोरच्या किराणा दुकानातून वजनकाटा आणते आणि प्रत्येक ढिगाचं वजन कागदावर लिहून त्याच्यावर ठेवते. कपडे पाच किलो. ओआरएस पावणेचार. चपला, टॉर्च आणि मच्छरदाणी मिळून दोन. मग कळतं की २३ किलोत माझं म्हणून फारच थोडं मावतं, आणि खरं तर तेवढंच पुरतं.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. आपल्याकडे बंदी २०१८ ला आली, केनियात २०१७ च्या ऑगस्टमध्ये, आणि तिथला दंड जबर आहे. आपल्या घरांत साडीपासून चटणीपर्यंत सगळं पिशवीत बांधायची सवय असते, तेव्हा पिशवी भरल्यावर पुन्हा एकदा उघडून बघा. औषधं कापडी थैल्यांत आणि कागदी पाकिटांत भरा. तिकडचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला प्लग बसत नाही, अॅडॅप्टर घ्या. जुने कपडे वाटायला नेऊ नका. 'मितुंबा' म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा बाजार तिथे गावोगावी भरतो, त्यावर कितीतरी कुटुंबं पोट भरतात. शिबिराला नेलेल्या प्रत्येक औषधाला परतीच्या तारखेपुढे किमान वर्षभर मुदत असू द्या. दौरा सहा महिने पुढे गेला तर ती औषधं तेव्हाही देता आली पाहिजेत.

भाषा, घड्याळ आणि आपला चेहरा

स्वाहिली शिकायला तारीख लागत नाही, आजपासून रोज पाच शब्द शिका. बरेचसे ओळखीचे निघतील. औषधाला दावा, दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. माझ्या औषधांच्या खिडकीवर सगळ्यात जास्त लागलेली वाक्यं दोन: 'कुत्वा मारा तातू', दिवसातून तीनदा, आणि 'बादा या कुला', जेवल्यावर. किसुमूकडे लुओ लोक राहतात. त्यांच्या भाषेत आभार मानायचे तर 'एरोकामानो' म्हणा, म्हाताऱ्या बायका हात धरूनच ठेवतात.

घड्याळाचं नीट समजून घ्या. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा', पहिला तास, म्हणजे सकाळचे सात. एका गावात शिबिराची वेळ 'सा नाने' सांगितली. नाने म्हणजे आठ, एवढं आमच्या मुलाला येत होतं. आम्ही सकाळी आठला टेबलं मांडून बसलो आणि अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नाही. बायका दुपारी दोनला आल्या, अगदी वेळेवर, धुतलेले कपडे घालून, लेकरांना पाठीला बांधून. तोवर आम्ही "यांना वेळेची किंमत नाही" असं बोलून बसलो होतो. त्याची मला फार लाज वाटली. तेव्हापासून वेळ ठरवताना "इंग्रजी का स्वाहिली?" असं आधी विचारते.

तिथे तुम्हाला 'मुहिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग १९०१ मध्ये किसुमूला पोचला, तो बांधायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते. पुढे दुकानदारी आपल्या लोकांच्या हातात आली. त्यामुळे भारतीय चेहरा म्हणजे शेठ, अशी जुनी ओळख तिथल्या मनात असते. आपण सेवा करायला आलो हे आपल्या वागण्यातून दिसावं लागतं. पाहुण्यांची खुर्ची नाकारून सगळ्यांबरोबर बाकावर बसा, हाताखाली काम करा, न विचारता कोणाचाही फोटो काढू नका. लहान मुलांचा आणि रुग्णांचा तर नकोच.

रद्द झालं तर

त्याच दिवशी यजमानांना फोन करा, निरोप पाठवून मोकळे होऊ नका. त्यांनीही कोंबड्या राखून ठेवलेल्या असतात, खोल्या सारवलेल्या असतात. पुढच्या रविवारी मंडळीला हिशोब वाचून दाखवा. ठरल्याप्रमाणे पैसे त्या-त्या ठिकाणी द्या. आमच्या एका रद्द झालेल्या दौऱ्याचे पैसे यजमानांनी सुचवल्याप्रमाणे गावातल्या दोन मुलींच्या नर्सिंगच्या फीला गेले. आम्ही दहा दिवस जाऊन जे केलं असतं, त्यापेक्षा ते जास्त टिकलं.

आणि गेलात, सुखरूप परतलात, तर मलेरियाच्या गोळ्यांचा डबा मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे रोज दिसेल. घरी आल्यावर डोस चुकवणारे फार असतात. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, खुर्चीत बसता बसता सांगा, "मी केनियाहून आले आहे," आणि मलेरियासाठी रक्त तपासायला सांगा.